मागच्या सीटवरचा पाव्हना

अक्का, पाव्हन्याला परवा नाशिकला आणलं. तू असतीस तर सगळ्यात आधी विचारलं असतंस, वाटेत ओकला का. नाही ओकला. देवळ्याच्या पुढे घाटात एकदा जिभल्या चाटायला लागला, लाळ सुटली, मी गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं उतरवला आणि परत बसवला. त्यानंतर थेट घरापर्यंत काही नाही.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोक भेटायला येतात. किती सोसलंस, किती कष्टाळू होतीस, सगळं सांगतात. मी मान हलवतो. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते गाडीत कुत्र्याला कसं बसवायचं यावरून होतं. आलेल्या माणसांना हे सांगितलं तर त्यांना वाटेल, बहीण गेली आणि याचं डोकं फिरलं. म्हणून तुलाच लिहितो.

पहिल्यांदा तुला केमोसाठी न्यायला मी नामपूरला आलो तो दिवस आठवतो ना? तुझा सचिन आडतीवर गेलेला, तू ओट्यावर पिशवी घेऊन तयार, आणि पायाशी हा तांबडा गावठी कुत्रा. सचिनच्या लग्नात वऱ्हाडामागून आला, सगळे पाहुणे गेले तरी हा गेला नाही, म्हणून तू त्याचं नावच पाव्हना ठेवलं होतंस. मी गाडीचं दार उघडलं तर तुझ्याआधी तो आत.

"हा कुठे?" मी विचारलं.

"पाव्हना बी येस," तू म्हणालीस.

"अक्का, दवाखान्यात चाललोय आपण."

"मनाबिगर तो खावाव नही. तीन दिन उपाशी ठेवू का त्याले?" म्हणजे तुझ्याशिवाय तो खायचा नाही.

मी नाशिकच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. बोल्ट नीट आवळला नसेल तर माल परत पाठवणारा माणूस मी. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर, काचेतून मुंडकं बाहेर काढलेलं कुत्रं! तुला सांगितलं, निदान मागे बसव, बांधून ठेव. तू पदराने त्याची लाळ पुसत म्हणालीस, "कुत्रा शे तो, पोतं नही."

सटाणा यायच्या आत तो दोनदा ओकला. तू त्याला निघताना दूध-भाकरी भरवली होतीस, प्रवासाला उपाशी पाठवू नये म्हणून. माझ्या पायाखालची चटई तू रस्त्याकडेच्या नळावर धुतलीस, स्वतःच्या पोटात कॅन्सरचा गोळा असताना. मी गाडीत बसून राहिलो. खाली उतरून तुझ्या हातातून ती चटई घ्यायला हवी होती. तेव्हा फक्त चिडलो होतो.

दुसऱ्या खेपेला परत जाताना ते झालं. घाट उतरत होतो, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर, त्याने काही न दाखवता वळण घेतलं आणि मी ब्रेक दाबला. तुझा पट्टा तुला धरून राहिला. पाव्हना तुझ्या मांडीवरून सुटला आणि समोरच्या फळीवर आदळला. त्याचं ते ओरडणं अजून कानात आहे. त्याला धरायला तू हात घातलास आणि आदल्या दिवशी सुई टोचलेल्या जागेतून रक्त आलं. मी गाडी कडेला घेतली. आधी तुझा हात बघायचा, की कुत्र्याचा पाय, की माफी मागायची, यातलं काहीच केलं नाही. ओरडलो. म्हणालो, "सांगत होतो ना? झालं समाधान?"

तू त्याला पदरात घेऊन खिडकीबाहेर बघत राहिलीस. सटाण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा पाय चाचपला. हाड शाबूत होतं, मुका मार होता. तिथेही तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बाईंनाच विचारलंस, "याले गाडीमा कसा नेवाना?"

बाई तिकडच्याच. त्यांनी तुला शांतपणे समजावलं. गळ्याच्या पट्ट्याला कधी बांधायचं नाही, झटका बसला तर मान मोडेल. छातीभोवती बसणारा पट्टा घ्यायचा, तो मागच्या सीटच्या बेल्टला अडकवायचा, इतकाच लांब की उठता-बसता यावं, खाली पडता येऊ नये. निघण्याआधी तीन-चार तास खायला नाही, पाणी थोडं थोडं. मुंडकं बाहेर काढू द्यायचं नाही, डोळ्यांत खडे जातात. दार उघडण्याआधी दोरी हातात. आणि एकदम लांब न्यायचंच नाही. आधी नुसतं उभ्या गाडीत बसवायचं, मग इंजिन सुरू करून, मग गल्लीतून एक चक्कर.

बाहेर आल्यावर तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. "इतली शाळा तर आपला बापनी माले बी नही शिकाडी."

तू हसत म्हणालीस. मीही हसलो, बरं वाटलं की अबोला सुटला. पण अक्का, ते हसण्यासारखं नव्हतं. तू चौथीत होतीस आणि मी पहिलीत, तेव्हा मळ्यात माणूस कमी पडलं म्हणून तुझं दप्तर खुंटीला लागलं. तुझ्या हातात खुरपं आलं आणि माझी शाळा चालू राहिली. पुढे मी नाशिकला शिकायला आलो, नोकरीला लागलो, घर घेतलं. त्या प्रत्येकाच्या खाली तुझी चौथी आहे. सात खेपा आपण गाडीत शेजारी बसून केल्या, प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन पाच तास. तेवढ्या वेळात हे एक वाक्य मला बोलता आलं नाही. मी टायरमधली हवा, टोल आणि रस्त्यातले खड्डे यांवर बोललो.

छातीचा पट्टा मी आणला. मापाचा मिळेपर्यंत दोनदा बदलून आणला. तिसऱ्या खेपेला अंगात जोर नव्हता म्हणून डॉक्टरांनी तुला आठवडाभर नाशिकलाच आमच्या घरी राहायला लावलं, आणि तुला काम मिळालं. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही दारं उघडी टाकून, मांडीवर ताट घेऊन तू मेथी निवडत बसायचीस. शेजारी पाव्हना. पहिल्या दिवशी तो थरथरत होता. दुसऱ्या दिवशी त्याने एक काडी खाऊन बघितली. तिसऱ्या दिवशी झोपला. वॉचमनने येऊन विचारलं, "आजी, कुठे जायचंय का? साहेबांना बोलावू?" तू म्हणालीस, कुठेच नाही जायचं, बसायला आलोय. सुनंदाला वाटायचं, बायका बघतात, काय म्हणतील. मग एके दिवशी तीच चहाचे दोन कप घेऊन खाली आली आणि पुढच्या सीटवर बसली. माझ्या बायकोला आणि तुला पस्तीस वर्षांत एकमेकींशी बोलायला जेवढं सुचलं नव्हतं, तेवढं त्या आठवड्यात गाडीत बसून बोललात.

चौथ्या दिवशी तू इंजिन सुरू करायला लावलंस. सहाव्या दिवशी गल्ली. परतीच्या वाटेला तू मागे त्याच्या शेजारी बसलीस, पुढची सीट रिकामी ठेवून. मी म्हणालो, मी काय तुझा ड्रायव्हर? तू म्हणालीस, हो.

तेव्हा मला वाटलं होतं, जिंकलो. कुत्रा मागे, पट्ट्यात, मी म्हणत होतो तसाच. मग ऊन तापायला लागलं.

चौथ्या खेपेला सुनंदा माहेरी गेली होती. घरी पाव्हन्याजवळ कोणी नव्हतं, तर मी म्हणालो, त्याला गाडीतच ठेवू. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये झाडाची सावली होती, काचा चार बोटं खाली करणार होतो, पाण्याचा वाडगा ठेवणार होतो. मला सगळं व्यवस्थित वाटत होतं. तू गाडीतून उतरलीस आणि तिथल्या कट्ट्यावर बसलीस.

"त्याले घर लई जाय. मंग मी वर येस."

"अक्का, नंबर जाईल आपला. सावली आहे."

"काचा लाई ले आनि तू बठ मजार. बठी देख."

मी काचा लावून आत बसलो नाही. तुझ्यावर आवाज चढवला. ये-जा करणारी माणसं बघत होती. म्हणालो, इथे तुझ्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू कुत्र्याचं घेऊन बसलीस. तू नुसती दोरी धरून बसून राहिलीस. शेवटी मी त्याला घरी नेऊन, कोंडून, परत आलो. नंबर गेला होता. तुला सुई लागायला दुपार टळली. मी संध्याकाळपर्यंत तुझ्याशी धड बोललो नाही.

आता ऐक. तू वर पलंगावर पडलेली असताना मी औषधाची चिठ्ठी आणायला खाली गाडीपाशी गेलो होतो. सावली केव्हाच सरकली होती. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. स्टिअरिंगला हात लावता येईना. सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली मऊ पडली होती. काचा चार बोटं खालीच होत्या. मी दार धरून उभा राहिलो आणि मला तो आत दिसला, पट्ट्याने नीट बांधलेला, मी बांधलेला.

वर येऊन तुला सांगायला हवं होतं की तुझंच खरं होतं. मी म्हणालो, चिठ्ठी सापडली. नंतरही सांगितलं नाही. पुढच्या तीन खेपांना नाही, शेवटचे पंधरा दिवस तू खाटेवरून उठत नव्हतीस आणि मी उशाशी बसायचो तेव्हाही नाही. तू कधी विषय काढला नाहीस. आज लिहून देतो. तुझंच खरं होतं, अक्का.

तू गेलीस त्या सकाळी पाव्हना खाटेखाली होता. त्याला कोणी हाकललं नाही. तुला नेलं तेव्हा तो गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि थांबला. आम्हाला वाटलं, समजलं असेल त्याला. तसं नव्हतं. त्याच्या लेखी तू कुठेही जायचीस ती माझ्या पांढऱ्या गाडीतून, आणि तीन दिवसांनी त्याच गाडीतून परत यायचीस. दुसऱ्या दिवसापासून तो सटाणा रस्त्यावर जाऊन उभा राहायला लागला. पांढरी गाडी दिसली की तिच्यामागे धावायचा. नामपूरच्या रस्त्यावर पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? एकदा एका जीपच्या चाकाला घासून आला. एकदा बसवाल्याने ब्रेक मारून खाली उतरून सचिनला शिव्या घातल्या.

सचिन म्हणाला, "मामा, मळ्यात बांधून टाकतो त्याला साखळीने. दुसरं काय करणार? मी पहाटे मार्केटला जातो, हिच्यामागे दोन लहान पोरं. कोण बघणार?"

तो चुकीचं बोलत नव्हता. पण मी तेराव्याच्या पंगतीतून उठलो तेव्हाच ठरवलं होतं. म्हणालो, "मी नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात लावली. मागचं दार उघडताच पाव्हना धावत आला, उडी मारून आत गेला, तुझी जागा हुंगली, खाली हुंगलं, पुढे हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं आणि उतरून परत रस्त्याकडे निघाला. त्यानंतर तो गाडीजवळ येईना. मी तुझी गोधडी मागच्या सीटवर अंथरली. त्याने ती दातात धरून खाली ओढली, ओट्याजवळ नेली आणि तिच्यावर बसला. ओढून न्यायला गेलो तर चारी पाय रोवून उभा. सचिनने त्याला उचलायला हात घातला, तर त्याच्यावर दात विचकले, घरच्याच माणसावर.

सचिनचा तोल गेला. "मामा, तोंड बांधा आणि टाका माझ्या पिकअपमध्ये मागे. तीन तासांत नाशिक. पुढचं पुढे बघू."

"असं नाही नेणार," मी म्हणालो.

"मग कसं नेणार?"

"पहिल्यापासून."

सुनंदाला फोन करून सांगितलं, अजून चार-पाच दिवस लागतील. ती म्हणाली, लागू देत. आणि मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी उभी, दारं उघडी, इंजिन बंद. मला मेथी निवडता येत नाही, मी पेपर घेऊन बसलो. पाव्हना ओट्यावर गोधडीवर. त्याला मी म्हणत होतो, "चल, ये. इकडे बस. बस इथे." तो कान हलवायचा आणि रस्त्याकडे बघायचा. अख्खा दिवस गेला. शेजारची पोरं बघून गेली. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस तसाच. मग मला आठवलं, या कुत्र्याशी कोणी असं बोलतच नाही. तू त्याच्याशी बोलायचीस ती आपल्या घरातली बोली. मी ती सोडून चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली. कारखान्यात कोणी हसू नये म्हणून सोडली, मग तुझ्याशीसुद्धा फोनवर शहरातलंच बोलायला लागलो. तू मला उत्तर तुझ्याच बोलीत द्यायचीस, कधी टोकलं नाहीस.

मी आजूबाजूला कोणी नाही बघून म्हणालो, "ये रे दादा. आठे बठ."

जीभ अडखळली, पण तो उठून उभा राहिला.

"भिऊ नको. चाल, आठे बठ मनाजोडे."

तो आला. चढला नाही, पण दाराशी येऊन पुढचे दोन पाय वर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू हे कुठून येतंय ते शोधत होता. मग मी थांबलोच नाही. शब्द सापडेल तसं बोलत राहिलो. त्याला सांगितलं की तू गेलीस, कुठे नेलं, कोण कोण आलं होतं. ते मी तोपर्यंत कोणाशीच बोललो नव्हतो. तो केव्हा चढून शेजारी बसला ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी त्याने माझ्या हातून भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी इंजिन. चौथ्या दिवशी छातीचा पट्टा घालून बाजाराच्या पटांगणाला दोन चकरा. सचिन आडतीवरून आला की ओट्यावर बसून बघायचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने विचारलं, "मागे कोण बसणार?"

"एकटाच बसेल. मी मध्ये मध्ये थांबेन."

"मी येतो," तो म्हणाला. "संध्याकाळच्या बसने परत येईन."

सकाळी साडेसहाला निघालो. आदल्या रात्रीपासून खाणं नाही, पाणी दोन घोट. सचिन मागे, पाव्हना त्याच्या शेजारी, बेल्टला अडकवलेला. आधी दोघं एकमेकांपासून अंतर राखून बसले होते. घाटात थांबून परत बसवला, ते तुला सांगितलंच. त्यानंतर थोड्या वेळाने मागून वेगळाच आवाज आला. मला वाटलं, ओकतोय. आरशात बघितलं तर पाव्हन्याने हनुवटी सचिनच्या मांडीवर टेकली होती आणि तुझा लेक रडत होता. त्याने तुला खांदा दिला, पाणी दिलं, तीनशे माणसांना जेवायला वाढलं, कुठे डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. रस्त्याकडे नजर ठेवून गाडी हळू चालवत राहिलो.

सोग्रस फाट्याला पाणी पाजायला उतरलो. आधी दोरी हातात, मग दार. एक पांढरी गाडी आमच्याजवळून गेली आणि पाव्हन्याने झेप घेतली. दोरी सचिनच्या तळहाताला कापत गेली, पण त्याने सोडली नाही. उकिडवा बसला, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नही रे. ती नही त्यामा." मग आम्ही तिघंही तिथे जरा वेळ बसलो. हायवेवरून गाड्या जात होत्या.

परवापासून तो इथे आहे. अजून खातो ते माझ्याच हातून. पार्किंगमध्ये नेला की माझ्या गाडीजवळ जाऊन थांबतो. मी त्याला रोज गल्लीतून एक चक्कर मारून आणतो, म्हणजे गाडीत बसणं म्हणजे कोणीतरी जाणं, असं त्याच्या मनात राहायला नको. वॉचमनने आजी कशा आहेत म्हणून विचारलं. सांगितलं.

सचिन स्टँडवर बसमध्ये चढताना म्हणाला, "मामा, आई नाही म्हणून येणं बंद करू नका. याला घेऊन येत जा." त्याने ते ओळखलं होतं. तू गेल्यावर नामपूरला जायचं मला काही कारण उरलं नाही, असं मी मनात म्हणून चुकलो होतो. आता दर महिन्याला जायचं ठरवलंय. मी सुनंदाला विचारलं तर ती म्हणाली, मीही येईन, मागे बसेन.

पुढच्या शनिवारी पहिली खेप. ऊन चढायच्या आत पोचू. तुझ्या दारात गाडी लागली की तो आत धावेल, दोन्ही खोल्या हुंगेल, खाटेखाली जाईल. दोरी मी सोडणार आहे. त्याला बघून होईपर्यंत उंबऱ्यावर थांबेन, मग मीही आत जाईन. तेराव्यापर्यंत घरात इतकी माणसं होती आणि नंतरचे दिवस मी मागच्या सीटवरच काढले; तू नाहीस हे मला नीट बघायलाच मिळालं नाही.